क्षयरोगमुक्तीचे राष्ट्रीय उद्दिष्ट : रुग्णाला काय सांगावे, कसे सांगावे

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयरोगाच्या जंतूचा शोध लागल्याचे जाहीर केले. या घटनेच्या स्मरणार्थ २४ मार्च हा दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी जागोजागी जनजागृती फेऱ्या निघतात, व्याख्याने होतात, राष्ट्रीय उद्दिष्टांची उजळणी होते. मात्र ज्याच्या शरीरात हा रोग आहे, त्या रुग्णापर्यंत हे उद्दिष्ट पोहोचते का आणि पोहोचल्यास त्याला त्यातून नेमके काय उमगते, हा प्रश्न बहुधा मागेच राहतो.

सार्वजनिक आरोग्याचे उद्दिष्ट आकड्यांत मांडले जाते. दर लाख लोकसंख्येमागे किती नवे रुग्ण, किती मृत्यू, किती जणांचे उपचार पूर्ण झाले, अशी त्याची भाषा असते. रुग्णाचे प्रश्न वेगळे असतात. आपण बरे होऊ का, कामावर परत कधी जाता येईल, घरातील लहान मुलाला लागण होईल का, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळेल का, या चिंतांनी तो ग्रासलेला असतो. या दोन भाषांची सांगड घालण्याचे काम वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, क्षयरोग पर्यवेक्षक आणि आशा कार्यकर्ती यांना रोज करावे लागते. क्षयरोगाच्या बाबतीत ही सांगड का आवश्यक आहे आणि ती कशी घालता येते, याचा आढावा या लेखात घेतला आहे.

उद्दिष्टाची वाटचाल

क्षयरोगाच्या उपचारात रुग्णाला विश्वासात घेण्याचा विचार भारतात नवा नाही. त्याची मुळे चेन्नई, म्हणजे तत्कालीन मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या संशोधनात आहेत. त्या काळी क्षयरुग्णाला आरोग्यधामात ठेवणे हाच योग्य मार्ग मानला जात असे. मद्रासच्या संशोधकांनी रुग्णांचे दोन गट केले. एका गटावर आरोग्यधामात आणि दुसऱ्यावर त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच वर्षभर उपचार केले. आरोग्यधामातील आहार व विश्रांती अधिक चांगली असूनही दोन्ही गटांतील रुग्ण बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना अधिक धोका असल्याचेही आढळले नाही. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी क्षयरोगाच्या उपचारांची दिशा जगभर बदलली. घरी राहून उपचार घेणे शक्य झाले, पण त्याचबरोबर औषध नियमित घेण्याची जबाबदारी रुग्णावर आणि त्याला समजावून सांगण्याची जबाबदारी आरोग्ययंत्रणेवर आली.

राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. त्यातील उणिवा लक्षात घेऊन १९९३ मध्ये सुधारित कार्यक्रमाची प्रायोगिक अंमलबजावणी आणि १९९७ मध्ये त्याचा विस्तार हाती घेण्यात आला. आरोग्य कर्मचाऱ्याच्या समक्ष औषध देण्याची, ‘डॉट्स’ या नावाने परिचित झालेली पद्धत मार्च २००६ पर्यंत संपूर्ण देशात पोहोचली. नव्या संसर्गजन्य रुग्णांपैकी किमान ७० टक्के शोधून काढणे आणि त्यांपैकी किमान ८५ टक्के बरे करणे, ही त्या काळातील उद्दिष्टे होती. आठवड्यातून तीन वेळा औषध देण्याऐवजी दररोज औषध देण्याची पद्धत २०१७ मध्ये देशभर लागू झाली. जानेवारी २०२० पासून या कार्यक्रमाला राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रम असे नाव देण्यात आले.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांनुसार क्षयरोगाची साथ संपविण्यासाठी २०३० हे वर्ष ठरविण्यात आले आहे. भारताने त्याआधी पाच वर्षे, म्हणजे २०२५ पर्यंत हे लक्ष्य गाठण्याचे ठरविले. नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ च्या तुलनेत ८० टक्क्यांनी व मृत्यू ९० टक्क्यांनी कमी करणे आणि या रोगामुळे कोणत्याही कुटुंबावर आर्थिक अरिष्ट येऊ न देणे, असे त्याचे स्वरूप होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ साली भारतात दर लाख लोकसंख्येमागे २३७ नवे रुग्ण होते. २०२४ साली हे प्रमाण १८७ पर्यंत, म्हणजे सुमारे २१ टक्क्यांनी खाली आले. मृत्यूंचे प्रमाण याच काळात दर लाखामागे २८ वरून २१ वर आले. नव्या रुग्णांच्या प्रमाणातील घट जागतिक सरासरीपेक्षा अधिक आहे. तथापि ८० टक्के घट म्हणजे दर लाखामागे सुमारे ४७ रुग्ण. हे अंतर पाहता २०२५ चे लक्ष्य साध्य झालेले नाही, हे स्पष्ट होते. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण आजही भारतात आहेत.

शब्दांचा अर्थ आणि होणारा गैरसमज

उद्दिष्ट समजावताना पहिली अडचण शब्दांची येते. एखादा रोग जगातून कायमचा नाहीसा होणे ही एक गोष्ट आणि त्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेखाली आणणे ही दुसरी गोष्ट होय. देवी हा रोग पहिल्या प्रकारात मोडतो. क्षयरोगाच्या बाबतीत ‘दुरीकरण’ हा शब्द दुसऱ्या अर्थाने वापरला जातो. मराठीत मात्र निर्मूलन, उच्चाटन, दुरीकरण आणि मुक्ती हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी सहज येतात. त्यामुळे ‘क्षयरोगमुक्त गाव’ असा फलक वाचणाऱ्याला येथे आता हा रोगच उरलेला नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे.

कुष्ठरोगाच्या बाबतीत हा अनुभव देशाने घेतला आहे. दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे लक्ष्य भारताने डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर गाठले. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे तेव्हा जाहीर झाले. परंतु त्यानंतरही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे कुष्ठरुग्ण आढळत राहिले. रोग संपला असे मानणाऱ्या समाजात नवा रुग्ण एकाकी पडतो. त्वचेवरील चट्ट्याकडे तो स्वतः दुर्लक्ष करतो आणि निदान लांबते. क्षयरोगाविषयी बोलताना ही चूक टाळली पाहिजे. ‘रोग संपविण्याचे काम सुरू आहे आणि त्यासाठी प्रत्येक रुग्ण वेळेत सापडून पूर्ण बरा होणे आवश्यक आहे,’ असे साध्या शब्दांत सांगणे अधिक योग्य ठरते.

आकड्यांचाही गैरसमज होऊ शकतो. देशात २०१९ साली सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली. कोविडच्या साथीत, २०२० साली, ही संख्या सुमारे १८ लाखांवर आली. ही घट आनंदाची नव्हती, कारण टाळेबंदीत रुग्ण तपासणीपर्यंत पोहोचूच शकले नव्हते. २०२४ साली २६ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. याचा अर्थ रोग वाढला असा नव्हे, तर पूर्वी नजरेआड राहणारे रुग्ण आता नोंदीत येऊ लागले, असा आहे. हा फरक कळला तर गावात रुग्ण आढळणे ही बदनामीची बाब वाटत नाही.

निदानाचा दिवस

क्षयरोगाचे निदान झाल्याचे ऐकताच बहुतेक रुग्ण हादरून जातात. त्या क्षणी सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी दोनच लक्षात राहतात. त्यामुळे पहिल्या भेटीत देशाचे उद्दिष्ट, टक्केवारी किंवा मोहिमेचे नाव सांगण्यात अर्थ नसतो. रुग्णाला सर्वप्रथम तीन गोष्टी कळायला हव्यात. हा रोग जंतूमुळे होतो, तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे किंवा खानदानी दोषही नव्हे. तो पूर्ण बरा होतो. आणि राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत तपासणी व औषधे मोफत आहेत.

त्यानंतर उपचारांचे स्वरूप सांगता येते. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगावर साधारणतः सहा महिने उपचार केले जातात. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन औषधे एकत्रित गोळ्यांच्या स्वरूपात, वजनानुसार, दररोज दिली जातात. रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवीला नारिंगी रंग येतो. हे आधी सांगितले नाही, तर लघवीतून रक्त जाते आहे असे समजून रुग्ण पहिल्याच आठवड्यात गोळ्या बंद करतो. सतत मळमळ, डोळे पिवळे होणे, दृष्टी अंधूक होणे, हातापायांना मुंग्या येणे, सांधे दुखणे अशा तक्रारी उद्भवल्यास स्वतःहून औषध न थांबवता त्वरित आरोग्य केंद्रात दाखवावे, हेही त्याच वेळी सांगणे आवश्यक असते. रिफाम्पिसिनमुळे संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, ही बाब स्त्री रुग्णांना संकोच न ठेवता सांगायला हवी.

क्षयरोग खोकल्यातून व शिंकण्यातून हवेत पसरणाऱ्या सूक्ष्म थेंबांवाटे पसरतो. ताट, वाटी, कपडे किंवा हस्तांदोलन यांमुळे तो पसरत नाही. प्रभावी उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने कमी होते. एवढी माहिती घरच्यांच्या उपस्थितीत दिली, तर रुग्णाचे ताट वेगळे करण्याची वेळ येत नाही. खोकताना तोंडावर रुमाल धरणे, उघड्यावर न थुंकणे आणि खोलीत हवा खेळती ठेवणे, एवढी दक्षता पुरेशी परिणामकारक असते.

उपचार मध्येच सोडण्याचा धोका

देशाचे उद्दिष्ट आणि रुग्णाचे हित यांचा पहिला प्रत्यक्ष संबंध उपचारांच्या साधारण दुसऱ्या महिन्यात येतो. ताप थांबलेला असतो, भूक लागते, वजन वाढते, खोकला कमी होतो. बरे वाटू लागले म्हणजे बरे झाले, असा समज होऊन गोळ्या मागे पडतात. शरीरात मात्र काही जंतू शिल्लक असतात. अपुऱ्या औषधोपचारात तग धरणारे हे जंतू पुढे त्याच औषधांना दाद देईनासे होतात. अशा औषधप्रतिरोधी क्षयरोगावरील उपचार अधिक खडतर असतात आणि तोच प्रतिरोधी जंतू घरातील इतरांनाही लागू शकतो.

औषधप्रतिरोधी रोगावर पूर्वी दीड ते दोन वर्षे उपचार चालत आणि अनेकांना दीर्घकाळ इंजेक्शने घ्यावी लागत. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या, केवळ गोळ्यांच्या उपचारपद्धतीस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. पात्र रुग्णांसाठी हा मोठा दिलासा आहे. तरीही प्रतिरोध निर्माणच होऊ न देणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग होय.

हा भाग समजावताना धाक दाखविण्याचा मोह टाळावा लागतो. ‘औषध सोडलेस तर घरच्यांना मारशील’ असे ऐकणारा रुग्ण दोन दिवस गोळ्या चुकल्यावर पुन्हा केंद्रात यायलाच घाबरतो. याउलट ‘काही दिवस चुकले तरी लगेच या, आपण पुढचा मार्ग काढू’ असे सांगितलेला रुग्ण परत येतो. औषध सोडण्यामागे रोजंदारी बुडणे, दारूचे व्यसन, औषधांचा त्रास, सासरी कळण्याची भीती किंवा केंद्रात औषधाचा साठा नसणे, यांपैकी काहीही असू शकते. कारण विचारल्याशिवाय उपदेश करणे निरर्थक ठरते.

नोंद कशासाठी, गोपनीयता कशी

प्रत्येक क्षयरुग्णाची माहिती शासनाला कळविणे मे २०१२ पासून बंधनकारक आहे. ही तरतूद खासगी डॉक्टरांनाही लागू आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेत्यांनाही तिच्या कक्षेत आणले. ही नोंद ‘निक्षय’ या संगणकीय प्रणालीत होते आणि प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र क्रमांक मिळतो.

रुग्णाच्या मनात येथेच शंका निर्माण होते. नाव, पत्ता, बँक खाते, घरातील माणसांची माहिती हे सारे कशासाठी, असा त्याचा रास्त प्रश्न असतो. त्याचे उत्तर स्पष्टपणे द्यायला हवे. नोंद झाल्यामुळे मोफत औषध, तपासण्या व पोषणासाठीची रक्कम मिळते. रुग्ण दुसऱ्या गावी गेल्यास त्याच क्रमांकावर तेथे उपचार चालू ठेवता येतात. आणि कोणत्या भागात किती रुग्ण आहेत हे कळल्याखेरीज तेथे यंत्रे, औषधे व कर्मचारी किती लागतील, हे शासनाला ठरविता येत नाही. नोंद म्हणजे जाहीर वाच्यता नव्हे. रुग्णाचे नाव गावात उघड करणे, त्याच्या दारावर खूण करणे किंवा त्याच्या संमतीशिवाय मदत स्वीकारतानाचे छायाचित्र प्रसिद्ध करणे याला कोणतेही राष्ट्रीय उद्दिष्ट आधार देत नाही. गृहभेटीस जाताना गणवेशात जावे की साध्या वेशात, भेट घरी घ्यावी की अन्यत्र, हे रुग्णाला विचारूनच ठरविणे इष्ट असते.

घरातील इतरांची तपासणी

जंतूचा संसर्ग झालेल्या प्रत्येकाला क्षयरोग होत नाही. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी रोग होतो. लहान मुले, मधुमेही, एचआयव्हीबाधित व कुपोषित व्यक्ती यांना हा धोका अधिक असतो. म्हणून फुप्फुसाच्या क्षयरुग्णाच्या घरातील सर्वांची तपासणी केली जाते. ज्यांना रोग नाही, त्यांना प्रतिबंधात्मक उपचार दिले जातात. त्यात आयसोनियाझिड सहा महिने दररोज किंवा दोन औषधांची आठवड्यातून एकदा, अशी बारा आठवड्यांची मात्रा दिली जाते.

निरोगी दिसणाऱ्या माणसाला औषध घ्यायला लावणे हे शिकवण्याचे सर्वांत अवघड काम आहे. ‘मला काहीच होत नाही, मग गोळी कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर उद्दिष्टाच्या आकड्याने देता येत नाही. ‘जंतू शरीरात झोपलेला असू शकतो. तो जागा होण्यापूर्वीच त्याचा बंदोबस्त करायचा आहे,’ हे उत्तर घरातील आजीलाही कळते. पुढे रोग होणाऱ्यांची संख्या यामुळेच कमी होते, आणि देशातील नव्या रुग्णांचे प्रमाण घटणे म्हणजे अखेर हेच.

लक्षणांकडे दुर्लक्ष होण्याचे प्रमाण मोठे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात क्षयरोगाची लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के व्यक्तींनी कोठेही उपचार घेतलेले नव्हते. छातीचे क्ष-किरण चित्र काढले नसते, तर आढळलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण सुटले असते, असेही त्यातून दिसले. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे किंवा बेडक्यातून रक्त पडणे, यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी करावी, हे सांगणारा सर्वांत विश्वासू माणूस बरा झालेला रुग्णच असतो. थुंकीच्या नमुन्यावरून काही तासांत निदान करणारी सीबीनॅट व ट्रूनॅट ही यंत्रे आता अनेक सरकारी केंद्रांत उपलब्ध आहेत. यांपैकी ट्रूनॅट हे भारतीय बनावटीचे असून गोव्यातील कंपनीने ते बाजारात आणले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली.

आहार हा उपचाराचाच भाग

झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात एक महत्त्वाचा अभ्यास झाला. त्यात २,८०० क्षयरुग्ण व त्यांच्या घरातील १०,३४५ व्यक्तींचा समावेश होता. रुग्णांना दरमहा शिधा देण्यात आला आणि निम्म्या कुटुंबांतील इतर सदस्यांनाही तो मिळाला. ज्या कुटुंबांतील सर्वांना शिधा मिळाला, तेथे नवीन क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. रुग्णाचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढणे हे मृत्यूचा धोका कमी असल्याचे लक्षण ठरले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने आहार ही केवळ दयाबुद्धीने द्यायची मदत नसून रोगप्रतिबंधाचे साधन आहे, हे सिद्ध केले. मद्रासचे जुने संशोधन करणारी संस्था, म्हणजे आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था, याही अभ्यासात सहभागी होती.

निक्षय पोषण योजनेतून एप्रिल २०१८ पासून प्रत्येक रुग्णाला उपचार काळात दरमहा ५०० रुपये देण्यात येत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ९ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री क्षयरोगमुक्त भारत अभियानात व्यक्ती व संस्था ‘निक्षय मित्र’ होऊन संमती दिलेल्या रुग्णांना शिधा पुरवितात. रक्कम रुग्णाच्या खात्यात जमा होते, पण ती आहारावर खर्च व्हावी यासाठी काय खावे हे स्थानिक पदार्थांच्या नावांनिशी सांगावे लागते. ‘प्रथिनयुक्त आहार घ्या’ या वाक्यापेक्षा डाळ, उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे आणि परवडत असल्यास मासे ही यादी उपयोगी पडते. नाचणी पिकविणाऱ्या घरात नाचणीचेच नाव घ्यावे.

भाषा आणि स्थलांतर

रुग्ण ज्या भाषेत विचार करतो, त्या भाषेत सांगितलेलेच त्याला पटते. सुरत, इंदूर, हैदराबाद, बेळगाव अशा शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना माहितीपत्रके बहुधा तेथील राज्यभाषेत मिळतात. मुंबई, पुण्यात काम करणाऱ्या अन्य भाषक मजुरांचीही अशीच अडचण होते. अशा वेळी त्याच भाषेचा बरा झालेला रुग्ण किंवा आशा कार्यकर्ती मध्यस्थाचे काम करू शकते. घरातील लहान मुलाला दुभाषी करणे मात्र योग्य नव्हे. आजाराच्या खासगी गोष्टी आईवडील मुलासमोर बोलत नाहीत.

स्थलांतराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मराठवाड्यातील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. हंगामाचा आणि क्षयरोगाच्या उपचारांचा कालावधी जवळपास सारखाच असतो. ‘केंद्रात येत जा’ हा सल्ला अशा रुग्णाला लागू पडत नाही. निघण्यापूर्वी कळविणे, सोबत पुरेशी औषधे नेणे, निक्षय क्रमांक जपून ठेवणे आणि नव्या ठिकाणी जवळच्या केंद्रात जाणे, या चार गोष्टी त्याला मुकादमासमोर नव्हे, तर एकांतात समजावून द्याव्या लागतात.

सांगितलेले कळले का?

आरोग्य शिक्षणात एक सोपी पद्धत वापरली जाते. ‘समजले ना?’ असे विचारल्यास प्रत्येक रुग्ण मान डोलावतो. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर तुम्ही गोळ्या कशा घ्याल, ते मला सांगा पाहू’ किंवा ‘बायकोने विचारले की मुलांची तपासणी कशाला, तर काय सांगाल?’ असे विचारले, तर काय पोहोचले आणि काय नाही हे लगेच कळते. उत्तर चुकल्यास दोष सांगणाऱ्याचा मानावा आणि तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगावी. एका भेटीत दोन किंवा तीनच मुद्दे घेतल्यास ही पद्धत गर्दीच्या केंद्रातही फार वेळ घेत नाही.

उपचार संपल्यावरही हे शिक्षण थांबत नाही. रोग उलटण्याची शक्यता लक्षात घेऊन पुढील दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणी करण्याची तरतूद कार्यक्रमात आहे. बरा झालेला माणूस या तपासणीला तेव्हाच येतो, जेव्हा तिचे कारण त्याला माहीत असते.

अपुऱ्या राहिलेल्या लक्ष्याविषयी

२०२५ चे लक्ष्य साध्य न झाल्याची बाब रुग्णांपासून दडवावी का, असा प्रश्न अनेक कर्मचाऱ्यांना पडतो. दडविण्याने काहीही साधत नाही. आपल्या आळीत चार रुग्ण आहेत, हे रुग्णाला कर्मचाऱ्याआधी माहीत असते. रोग संपल्याचा दावा करणाऱ्या यंत्रणेवर त्याचा विश्वास बसणार नाही आणि तो दुसरी कोणतीही सूचना मनावर घेणार नाही. रुग्णांचे प्रमाण एक पंचमांशाने घटले, उपचार सोपे झाले, मदतीची रक्कम वाढली, पण अजून बरेच काम बाकी आहे, हे खरे चित्र सांगितल्यास तो आपल्या वाट्याचे काम ओळखतो.

त्याच वेळी उद्दिष्टाचे ओझे रुग्णाच्या खांद्यावर टाकता कामा नये. ‘टीबी हारेगा, देश जीतेगा’ ही घोषणा २०१९ साली देशभर पोहोचली. परंतु रुग्ण औषध घेतो ते प्रथम स्वतः जगण्यासाठी. औषधांचा अखंड पुरवठा, वेळेवर तपासणी, मिळणारी रक्कम वेळेत खात्यात जमा होणे आणि सन्मानाची वागणूक, ही यंत्रणेची जबाबदारी आहे. तिने आपली बाजू पाळली नाही, तर रुग्णाला उद्दिष्ट शिकविण्याचा अधिकार तिला उरत नाही.

रुग्णाला देशाच्या उद्दिष्टाची टक्केवारी पाठ असण्याची गरज नाही. आपण पूर्ण बरे झालो, घरातील कोणालाही लागण झाली नाही आणि शेजारच्या खोकणाऱ्या माणसाला आपण तपासणीला पाठविले, हे तीन टप्पे त्याने पार केले, तर राष्ट्रीय उद्दिष्टातील त्याचा वाटा पूर्ण होतो. हे त्याला त्याच्या भाषेत आणि त्याच्या सवडीने सांगण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातील दहा मिनिटे पुरेशी असतात. ती दहा मिनिटे प्रत्येक रुग्णाला मिळणे हाही या कार्यक्रमाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.